तळमजल्यासाठी

९ जानेवारी

बाळा,

अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त राग.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवायचास.

"आई, या वयात?" एवढं म्हणून तू फोन ठेवलास त्याला पाच आठवडे झाले. या वयात म्हणजे काय रे? साठ पूर्ण व्हायला मला अजून चौदा महिने आहेत. आणि हे करायची वेळ याच वयात आली. पंचविशीत गुडघे धड होते, तेव्हा तुला कडेवर घेऊन चार मजले चढत होते.

एकदाच सांगते, नीट वाच. ऑक्टोबरात मी जिन्यात पडले. तुला "जरा पाय मुरगळला" म्हणाले होते. जरा नव्हता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी पाऊण तास बसून होते. उठता येईना आणि हाक मारायची लाज वाटे. तेवढ्यात समोरच्या इमारतीतले चीफ वर येताना दिसले. ती बोटकंपनीची इमारत, तिथे त्यांचे पेन्शनर राहतात. सगळी गल्ली यांना चीफ म्हणते. खरं तर ते बोटीवर सेकंड इंजिनियर होते, चीफ कधी झालेच नाहीत, पण आता कोण सांगत बसणार! मी शिलाईच्या दुकानात कटिंग करते हे त्यांना माहीत, म्हणून पँटची कंबर कमी करून घ्यायला निघाले होते. मला बघून त्यांनी पँट खांद्यावर टाकली, शेजारी पायरीवर बसले आणि विचारलं, "चढायचंय की उतरायचंय?"

"दोन्ही जमणार नाही," मी म्हटलं.

"मग बसू," म्हणाले. आणि बसले. खालच्या एका पोराला हाक मारून डॉक्टरकडे पिटाळलं, आणि डॉक्टर येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

पंधरा दिवसांनी ते दुकानात आले. तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि त्यामुळे अख्ख्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत आहे. सहा शिलाई मशिनांच्या वरताण आवाजात ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे तळमजला आहे, पण सही करायला माणूस नाही. तुमच्याकडे माणूस आहे, पण तो परदेशात. आणि तळमजला नाही."

सहाच्या सहा मशिनं थांबली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. जवळचं कुणी नातेवाईक सहीला आणि नंतर सहा आठवडे सोबतीला असल्याशिवाय हॉस्पिटल हात लावत नाही. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, भाऊबहीण नाही. आणि कंपनीचा नियम असा, की पेन्शनरच्या जागेत फक्त त्याच्या बायकोला राहता येतं, त्याच्या माघारीसुद्धा. त्यांनी एका कागदावर सात कलमं लिहून आणली होती. खोल्या वेगळ्या, कपाटं वेगळी, कुणी कुणाला कुठे गेला होतात विचारायचं नाही, वगैरे. मी चार दिवस विचार केला. तळमजल्यावर जागा बघशील का, असं तुला फोनवर पुन्हा विचारलं. तू "बघू" म्हणालास. तुझं "बघू" मी सात वर्षं बघतेय.

तर आम्ही केलेलं हे लग्न असं आहे. माझ्या गुडघ्यांसाठी आणि त्यांच्या झडपेसाठी. तुझ्या वडिलांची जागा कुणी घेतलेली नाही. त्यांचा फोटो माझ्या खोलीत लावलाय. खिळा चीफनीच ठोकला, तोही मोजपट्टी लावून.

सुनेला आणि छोटीला आशीर्वाद. त्यांच्यावर राग नाही.

आई

२१ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र मिळालं. सहा शब्दांचं पत्र परदेशातून पाठवायचं म्हणजे कमाल आहे. "तुला हवं तेच केलंस. सुखी राहा." राहते. राहू दिलं तर राहते.

या गृहस्थांबरोबर राहणं म्हणजे काय, ते ऐक. सकाळी पाचला उठून शीळ घालत घरभर फिरतात. नळ, गॅस, खिडक्या, सगळं तपासतात आणि वहीत लिहितात. तळमजल्यावरच्या दोन खोल्या बुडणार आहेत थोड्याच! प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर "साखर". मी म्हटलं, मला दिसतंय हो साखर आहे ते. म्हणाले, "अंधारात काय कराल?" आता अंधारात चिठ्ठी तरी कशी वाचणार? हे विचारलं तर दोन दिवस विचारात पडले, आणि तिसऱ्या दिवशी साखरेच्या डब्याला दोरा बांधला आणि मिठाच्या डब्याला दोन.

चालू असलेल्या वस्तू दुरुस्त करायचा त्यांना रोगच आहे. परवा दुकानातून आले तर माझं शिलाई मशीन जमिनीवर, वर्तमानपत्रावर, तुकडे तुकडे. माझं मशीन! चौतीस वर्षं त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. तुझे शाळेचे सगळे कपडे त्याच्यावर शिवले. बाळा, मी असा तोंडाचा पट्टा सोडला, की वरच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीत आली. मी काय काय बोलले मला आठवतसुद्धा नाही. त्यांना "मठ्ठ" म्हटलं. "इंजिनाच्या धुरात डोकं करपलंय" म्हटलं. आयुष्यात कुणाला असं बोलले नव्हते.

ते मान खाली घालून सगळं ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? मग तो छोटा स्क्रू द्या. तुमच्या पायाखाली आहे."

मशीन जोडलं. दोन स्क्रू उरले. ते म्हणतात, आधीपासूनच जास्तीचे होते. आता आवाज न करता चालतं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि तूही कुणाला सांगू नकोस.

पण त्या संध्याकाळी मी गपचूप बसले होते. आता काहीतरी होणार, असं वाटत होतं. काहीच झालं नाही. त्यांनी भांडी घासली आणि बेसूर गाणं म्हणत झोपायला गेले.

तर असा वैताग आहे. ऑपरेशन मार्चअखेर.

आई

४ एप्रिल

बाळा,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

आठवड्यापूर्वी ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भरती करताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटशी नातं?" मी "पत्नी" म्हटलं आणि सही केली. मग ती विचारत गेली. कोणत्या औषधाची ॲलर्जी? माहीत नाही. आधी कुठलं ऑपरेशन? माहीत नाही. वडील कशाने गेले? माहीत नाही. तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "लग्नाला किती वर्षं झाली?" "चार महिने," मी म्हटलं. तिला हसू आवरेना. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने एका घरात राहते, रोज भांडते, आणि या माणसाला पेनिसिलिन चालतं की नाही हे मला ठाऊक नाही.

मग कॉटशेजारी बसून मी त्यांना सगळं विचारून घेतलं. वडील बोटीवरच गेले, हे नऊ वर्षांचे असताना. आई शाळेत घंटा वाजवायची. एका बंदरात एका बाईशी लग्न ठरलं होतं. बोट तीन महिने उशिरा परतली, तोवर तिने दुसरं केलं. "तिचं काही चुकलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, मी ॲलर्जी विचारतेय, हे कुठे मध्येच! पण ऐकत बसले.

सकाळी साडेसातला स्ट्रेचर आलं. अख्ख्या वॉर्डाला झडपेची माहिती देऊन झाली होती. "पाणी एका बाजूने जावं, उलटं येऊ नये, एवढंच तिचं काम. माझी गळतेय." मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "कलम चार लक्षात आहे ना? मी नाही आलो बाहेर, तर कंपनीचं पत्र बिस्किटांच्या डब्यात आहे. चिठ्ठी लावलीय. तळमजला तुमचा."

आणि मी ओरडले. त्या शांत कॉरिडॉरमध्ये, नर्ससमोर. "नकोय मला तुमचा तळमजला! बाहेर या मुकाट्याने!"

त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. स्ट्रेचर आत गेलं.

तुझा गैरसमज नको. म्हणजे, जागा मला हवीच आहे. गुडघे काही बदललेले नाहीत. पण ते साडेपाच तास मी इथे बसले होते ना, तेव्हा ती जागा डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला. माझ्या दोन खोल्या, कुणाची शीळ नाही, चिठ्ठ्या नाहीत. जिने नाहीत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच सगळं. आणि मला उलटी आली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल.

एक वाजता डॉक्टर बाहेर आले. ठीक आहे म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

शुद्धीवर आल्यावर यांचं पहिलं वाक्य, "त्या पंपाचा आवाज बरोबर नाही." दुसऱ्या कॉटवरच्या माणसाला लावलेला पंप. डोक्याला ताप आहे नुसता.

तुझा फोन येईल असं वाटलं होतं. ऑपरेशनची तारीख मी कळवली होती.

आई

१८ जून

बाळा,

अडीच महिने लिहिलं नाही. तूही नाहीस. फिट्टंफाट.

चीफ गेले. घाबरू नकोस, जिवंत आहेत. घर सोडून गेले.

सगळं नीट चाललं होतं. म्हणजे काहीच नीट नव्हतं, पण चाललं होतं. औषधं घ्यायची नाहीत, जड उचलू नका म्हटलं की मुद्दाम गादी उचलायची, चालायला जा म्हटलं की गल्लीच्या टोकाच्या सायकलवाल्याकडे जाऊन त्याची चेन दुरुस्त करत बसायचं. सकाळी सहापासून माझी टकळी सुरू. "गोळी कुठेय?" "पंख्याखाली बसू नका." "हा शर्ट घालून बाहेर जाणार आहात?" हे नुसते हो हो करायचे. म्हणजे ते.

दहा तारखेला मी दुकानातून आले तर ते बॅग भरून बसलेले. टेबलावर तो सात कलमांचा कागद. प्रत्येक कलमापुढे "पूर्ण" असं लिहून तारीख टाकलेली.

म्हणाले, "डॉक्टर म्हणतात मी ठणठणीत आहे. करार संपला. बंदरावर कंपनीचं म्हाताऱ्या खलाशांचं वसतिगृह आहे, तिथे कॉट मिळालीय. जागा कागदोपत्री तुमच्याकडेच राहील, मी ऑफिसात विचारून आलोय."

मी म्हटलं, "का पण?"

तर म्हणाले, "तुम्हाला फार त्रास होतो माझा. दिवसभर वैतागलेल्या असता. मला कमी ऐकू येतं बाई, पण एवढं ऐकू येतं."

काय बोलणार? गुळणी धरून उभी राहिले. जन्मभर जी सवय होती ती बरोबर नको त्या वेळी परत आली. ते बॅग उचलून गेले. बॅग जड होती, मी "उचलू नका" एवढंसुद्धा म्हणाले नाही.

आता तुला एक सांगायचंय. तुझ्यावर रागावून सांगत नाही.

तू नेहमी म्हणतोस, आपलं घर किती शांत होतं, बाबांनी कधी आवाज चढवला नाही, तुम्ही कधी भांडला नाहीत. खरं आहे. सव्वीस वर्षांत मी तुझ्या वडिलांशी एकदाही भांडले नाही. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. गरजच पडली नाही. ते बोलायचं थांबवायचे. एक दिवस, चार दिवस. एकदा वरण-भात ताटात गार वाढला गेला म्हणून सतरा दिवस. तू तेव्हा दुसरीत होतास. तू त्यांच्या मांडीवर बसून धडे वाचायचास आणि ते तुझ्याशी हसून बोलायचे, आणि मी त्याच खोलीत असून नसल्यासारखी. मग मी शिकले. कशाने बिनसेल ते आधी ओळखायचं, आणि जीभ दाताखाली धरायची. ती शांतता तू घर म्हणून ओळखतोस.

ते वाईट नव्हते. तुझ्यावर त्यांचा जीव होता. ते गेल्यावर मी रडले, ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मशिनाचे तुकडे बघून मी ओरडले ना, तेव्हा एकोणसाठ वर्षांत पहिल्यांदा माझा स्वतःचा आवाज ऐकला. आणि समोरचा माणूस म्हणाला, तो छोटा स्क्रू द्या. त्याला कळलंसुद्धा नाही त्याने मला काय दिलं. आणि मी तरी कुठे सांगितलं?

तुझा फोन बंद आहे ना, तेव्हा ते सतरा दिवस आठवतात. म्हणून लिहिलं. तू तसा होऊ नकोस. माझ्याशी नाही, आणि सुनेशी तर अजिबात नाही.

आई

७ जुलै

बाळा,

मी त्यांना आणायला गेले होते.

तीन तास बस, मग बंदरापासून चढ. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नकोस. वाटेत तीनदा मनात आलं, आपण कोण, कशाला चाललोय, हसं होईल. तिथे पोचले तेव्हा जेवणाची वेळ होती. मोठा हॉल, लांबलचक टेबलं, वीसेक म्हातारे खलाशी जेवत बसलेले. आणि आमचे हे कोपऱ्यात स्टुलावर चढलेले. छातीवर टाके पडून तीन महिने, आणि स्टुलावर उभं राहून पंखा उघडतायत. पंखा चांगला असणार. मला खात्री आहे.

"खाली उतरा!" मी दारातूनच म्हणाले.

सगळ्यांनी चमचे थांबवले. ते उतरले, हात पुसले. "तुम्ही? काही बिघडलं का घरी?"

"काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "तेच तर! महिना झाला, घरात एक वस्तू जागेवरून हललेली नाही. भांडायला माणूस नाही. चला घरी."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

बाळा, मी ते सगळं एवढ्या कष्टाने, हळू आवाजात म्हणाले होते. आता परत म्हणायचं, आणि तेही या कानांना ऐकू जाईल असं. वीस म्हातारे कान टवकारून बसलेले. मी डोळे मिटले आणि ओरडले, "मला तुमची सवय झालीय! तुमच्याशिवाय करमत नाही! मला त्रास होत नाही, मला बरं वाटतं तुमच्यावर ओरडायला! ऐकू आलं?"

"आलं," ते म्हणाले. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत?"

"रोज सांगत होते! सकाळी सहापासून सांगत होते!"

एका म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला, मग सगळेच आपटायला लागले. कान किटले. यांनी मला आपल्या खुर्चीवर बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायला लावले, आणि स्वतः जमिनीवर बसून माझा उजवा गुडघा दाबून बघायला लागले, बिघडलेलं यंत्र असल्यासारखा. "इथे दुखतं? की इथे?" म्हटलं, तिथे नाही, मूर्खासारखं काय दाबताय, जरा वर. आणि मला रडू आलं. भर हॉलमध्ये. त्यांनी विचारलं नाही का ते. फक्त जरा वर दाबलं.

संध्याकाळच्या बसने आलो. बसमध्ये ते म्हणाले, मला तरी कुठे बोलता आलं? भरती झालो त्या दिवशी तुम्ही माझ्या आईबद्दल विचारलंत, तेव्हापासून बरा होऊ नये असंच वाटत होतं. बरा झालो की करार संपणार.

साठीच्या माणसाने असं बोलावं? कपाळ माझं.

आई

३० जुलै

बाळा,

परवा तुझा फोन आला. वीस मिनिटं तू माझ्यावर ओरडलास. बाबांबद्दल असं का लिहिलंस, एवढी वर्षं का लपवलंस, आणि लिहायचंच होतं तर पत्रात का. मग म्हणालास, ते सतरा दिवस तुला आठवतात. तुला वाटायचं आईलाच बोलायचं नसतं. मग बराच वेळ तू बोलला नाहीस, पण फोन ठेवला नाहीस. मला तेवढं पुरे होतं. ओरडलास तेही बरं केलंस. चांगलं ओरडतोस, घसा माझ्यावर गेलाय.

सप्टेंबरात तिघंही येताय तर काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. जागा दोन खोल्यांची आहे. तू आणि सूनबाई माझ्या खोलीत झोपा, छोटी आमच्यात. छोटीच्या कॉटचे पाय यांनी आत्तापासूनच कापायला घेतलेत, एक आखूड झाला म्हणून बाकीचे तीन, मग दुसरा आखूड झाला. तुम्ही येईपर्यंत पोर जमिनीवरच झोपणार असं दिसतंय. आल्यावर त्यांना काका म्हण, चीफ म्हण, काय वाटेल ते म्हण, पण मोठ्याने म्हण. आणि पहिल्या दिवशी तुला काही बोलावंसं वाटलं नाही, तर तेही चालेल. फक्त सांग, की बोलावंसं वाटत नाही. तेवढं सांगून मग गप्प बस.

फोन ठेवताना तू विचारलंस, "आई, तू खरंच सुखात आहेस का?" मी तोंड उघडणार एवढ्यात यांनी आतून हातोडी कुठेय म्हणून विचारलं, मी म्हटलं तुमच्या हातात आहे, आणि तू हसलास. आठ महिन्यांनी हसलास. त्या नादात उत्तर द्यायचं राहिलं.

आहे.

आई